माझा फोटो, अक्काचं नाव

रावेरच्या आमच्या घरात एकट्याची अशी कुणाची वस्तू नव्हती. कंगवा एक, खोबरेल तेलाची बाटली एक, बाहेर जायची बरी चप्पल एक. जी आधी तयार होईल ती ती चप्पल घालून निघायची. काकूचा तसा दंडकच होता. ‘माझं’ हा शब्द कुणी जरा जोरात उच्चारला की ती हातातलं काम थांबवून विचारायची, “माहं म्हंजे कोनाचं?” आणि आम्ही दोघी गप्प बसायचो. दोघी म्हणजे मी आणि वंदना, काकूची मुलगी. माझ्याहून ती दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणते. आई गेली तेव्हा मी तिसरीत होते. माझे वडील, ज्यांना मी भाऊ म्हणत असे, केळीचा ट्रक घेऊन दिल्लीकडे जायचे आणि एकदा गेले की आठ-दहा दिवस त्यांचा पत्ता नसायचा. तेव्हा काकूनं कुणाला न विचारता माझं दप्तर आणि कपडे उचलून आपल्या खोलीत आणले. मला वाढवायचं का, किती दिवस, अशी चर्चा त्या घरात झाल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोघींच्या वेण्या एकापाठोपाठ एक घातल्या, एवढंच आठवतं.

घर रस्त्याला लागूनच होतं. पहाटेपासून केळीचे ट्रॅक्टर जायचे आणि त्यांच्या धडधडीनं फळीवरची भांडी वाजायची. नाना, म्हणजे माझे काका, दुसऱ्यांच्या बागेतल्या केळीच्या कापणीचं काम बघायचे. संध्याकाळी ते आले की त्यांच्या कपड्यांना केळीचा चीक लागलेला असे. तो वाळून काळा झाला की कशानंच निघत नाही, म्हणून काकूनं त्यांचे दोन सदरे कामासाठी कायमचे वेगळे काढले होते. नाना फार बोलत नसत. जेवताना ताटात काय आहे ते बघायचे आणि “आज भरीत का?” एवढं विचारायचे. ते विचारणं म्हणजेच कौतुक, हे आम्हाला ठाऊक होतं. तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, तुऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचा वास, लसूण-मिरची ठेचल्याचा आवाज आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताना काकूच्या बांगड्यांची लय, माझं लहानपण आठवलं की आधी हे येतं आणि माणसं मागून येतात.

अक्का आठवीत असताना तिच्या ओठाच्या कोपऱ्याशी तांदळाएवढा पांढरा ठिपका उठला. मग दुसरा, पापणीवर. मग बोटांच्या पेरांवर. काकूनं तिचं दही बंद केलं, लिंबू बंद केलं, कुणी सांगितलेलं बावचीचं तेल लावून तिला उन्हात बसवलं. जळगावच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं की हे कुणाला लागत नाही, जिवाला धोका नाही, औषध करून बघू, पण डाग जातीलच असं नाही. काकूनं त्यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. अक्का मात्र त्या डागांबरोबर मोठी होत गेली. बारावीनंतर तिनं एक दिवस तेलाची बाटली उचलून मोरीत रिकामी केली आणि “आता पुरे” म्हणाली. पुढे ती गावातल्या शाळेत लहान गटाला शिकवायला लागली. एका पोरानं तिला विचारलं होतं, टीचर, तुमच्या हातावर दूध सांडलं का? तिनं सांगितलं, “हो, पुसायचं राहून गेलं.” घरी येऊन तिनं हे आम्हाला हसत हसत सांगितलं. मीही हसले. काकू उठून मागच्या अंगणात गेली.

मी बी.एड.साठी धुळ्याला गेले तेव्हा अक्काचं लग्नाचं बघणं सुरू होऊन बराच काळ झाला होता. समाजाचे वधू-वर ग्रुप मोबाईलवर आले होते. पूर्वी पत्रिका आणि फोटो पाकिटातून फिरायचे, ते आता एका बोटानं गावोगाव जायला लागले. काकूसाठी नानांनी मोबाईल आणला आणि तो वापरायला तिला मीच शिकवलं. फोटो कसा पाठवायचा, आलेला कसा ठेवायचा, नको असेल तर पुसायचा कसा, सगळं ती चिकाटीनं शिकली. रोज सकाळी मला तिच्याकडून गुलाबाचं फूल आणि एखादं सुवचन यायचं. वर्गात बसल्या बसल्या मी ते बघायची. इतकी दूर असूनही तिनं सकाळी डोक्यावर हात ठेवल्यासारखं वाटायचं.

अक्काचा फोटोही काकूच ग्रुपवर टाकायची. लोक फोटो मागायचे, बघायचे आणि मग काहीच कळवायचे नाहीत. फार झालं तर “पत्रिका जुळत नाही” असा निरोप यायचा. काकू तो अक्काला सांगत नसे, पण अक्काला तो कळत असे. मी सुट्टीला गेले की काकू भाकरी थापता थापता मला हळूच सांगायची की आज आणखी एकाकडून नकार आला. माझ्या लग्नाचा विषय मी शिक्षण होईपर्यंत थांबवला होता आणि मोठीचं झाल्याशिवाय धाकटीचं करायचं नाही हे भाऊंनाही मान्य होतं.

धुळ्यात मी एका मावशींच्या माडीवर राहत होते. त्या मूळच्या साक्रीकडच्या, नवरा नसलेल्या. नोकरदारांना जेवणाचे डबे करून द्यायच्या आणि घरात अस्सल अहिराणी बोलायच्या. त्या शुक्रवारी काकूचा फोन आला होता. या रविवारी येऊ नको, तुझी परीक्षा जवळ आलीय, अभ्यास कर, असं ती म्हणाली. मला जरा नवल वाटलं, कारण तोवर तिनं मला कधी येऊ नको म्हटलं नव्हतं. पण परीक्षा खरंच जवळ होती, म्हणून मी हो म्हटलं.

शनिवारी सकाळी मी आग्रा रोडवर सरावपाठासाठी रंगीत कागद घ्यायला गेले. दुकानात माझ्या शेजारी एक बाई उभी होती. तिशी ओलांडलेली, नीटनेटकी, खांद्याला पर्स. ती माझ्याकडे पुन्हा पुन्हा बघत होती. शेवटी ती हसून म्हणाली, “तुम्ही रावेरच्या वंदना ना?”

मी नाही म्हणायच्या आत तिनं पुढचं सगळं सांगून टाकलं. तिच्या धाकट्या भावासाठी ते मुली बघत होते. माझा फोटो घरात सगळ्यांना आवडला होता, तिच्या आईला तर फारच. उद्या सकाळी ते सगळे गाडी करून आमच्याकडे निघणार होते. “फोटोपेक्षा तुम्ही समोर जास्त छान दिसता,” असं म्हणत तिनं मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला.

वर अक्काचं नाव होतं. अक्काची जन्मतारीख, शिक्षण, नानांचं नाव, आमचा पत्ता. खाली माझे तीन फोटो. पहिला अक्काच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातला. त्या दिवशी मी मदतीला गेले होते आणि तिचीच पिवळी साडी नेसले होते. मूळ फोटोत आम्ही दोघी होतो. इथे अक्का कापून टाकलेली होती, फक्त माझ्या खांद्यावर तिची बोटं तेवढी राहिली होती. दुसरा माझ्या कॉलेजच्या ओळखपत्राचा. मग तिसरा. मावशींच्या गच्चीवर न्हाऊन केस वाळवत बसलेली असताना मैत्रिणीनं माझ्याच मोबाईलवर काढलेला तो फोटो होता. गाऊन घातलेला, केस मोकळे, तोंड उघडून खदखदा हसतेय. तो मी कुणालाच पाठवला नव्हता. भाऊंनाही दाखवला नसता. तो या अनोळखी बाईच्या हातात होता, तिच्या भावाच्या मोबाईलमध्ये होता आणि आणखी कुणाकुणाच्या, ते मला माहीत नव्हतं.

मी काय बोलले ते नीट आठवत नाही. “मी निघते” असं काहीतरी म्हटलं असेन. बाईला वाटलं मी लाजले, कारण मागून तिचं हसणं ऐकू आलं. कागद तिथेच राहिले.

माडीवर येऊन मी माझा मोबाईल उघडला. माझं आणि काकूचं बोलणं मागे मागे सरकवत गेले, तर गेल्या खेपेनंतरची फुलं तेवढी होती, त्याआधीचं काहीच नव्हतं. कित्येक महिन्यांची फुलं, सुवचनं, “जेवली का” हे प्रश्न, सगळं पुसलेलं. गेल्या खेपेला मी घरी गेले होते तेव्हा स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून मोबाईल तिथेच ठेवला होता. त्याला कुलूप वगैरे काही नव्हतं. त्या घरात लागतच नव्हतं. काकूनं माझ्या मोबाईलवरून स्वतःला फोटो पाठवले आणि पाठवल्याची खूण राहू नये म्हणून सगळंच पुसलं. मी शिकवलं होतं तसंच, बिनचूक. आज हे लिहितानाही त्या रिकाम्या पांढऱ्या जागेकडे बघताना काय वाटलं ते मला नेमकं सांगता येत नाही. राग होताच. पण रागापेक्षा, घरी गेल्यावर आपलं जेवणाचं ताट दिसू नये, तसं काहीतरी झालं होतं.

मावशी डबे भरत होत्या. माझं तोंड बघून त्यांनी झारा खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. सांगताना मीच काकूची बाजू घेत होते, तिनं मला कसं वाढवलं वगैरे. मावशींनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तिनी तुले वाढाई, हाई खरं शे. पन फोटोमा तोंड तुनं शे ना?” मग पदरानं हात पुसून त्यांनी माझी पिशवी माझ्या हातात दिली. “तुनी बहीनले हाई दुसराना तोंडथीन समजाले नको. जाय, आजच जाय. भ्याऊ नको.”

धुळ्याहून जळगाव आणि जळगावहून रावेर, असा एसटीचा प्रवास मी शेकडो वेळा केला असेल. त्या दिवशी सगळी वाट मी मनात एकच वाद घालत होते. गप्प राहिले तर उद्या ती माणसं येतील, अक्का चहाचा ट्रे घेऊन बाहेर येईल आणि तिला काही माहीत नसताना सगळ्यांसमोर तिचा चेहरा आणि माझा फोटो शेजारी शेजारी धरला जाईल. बोलले तर, जिनं माझ्या वेण्या घातल्या तिला मी तिच्या मुलीसमोर उघडं पाडीन. आणि या सगळ्यात माझा स्वतःचा तो गच्चीवरचा फोटो, त्याचं मला जे वाटत होतं, ते कुणाला सांगायलाही लाज वाटत होती. घरात एवढं मोठं दुःख असताना एका फोटोचं काय, असं मीच मला म्हणत होते. आज माझ्या शाळेतल्या मुली कधी कधी असंच काहीतरी घेऊन माझ्याकडे येतात आणि सुरुवातच “तसं काही विशेष नाही मॅडम” अशी करतात. तेव्हा मी त्यांना खुर्ची देते आणि दार लोटून घेते.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. शनिवारची शाळा सुटून बैठक होती म्हणून अक्का अजून यायची होती, नाना बागेत होते आणि भाऊ ट्रक घेऊन दिल्लीकडे. स्वयंपाकघरात काकू जुन्या सुती ओढणीतून गव्हाचं पीठ वस्त्रगाळ करत बसली होती. उद्या खापरावर पुरणाचे मांडे करायचे होते. आमच्याकडे पाहुण्यांसाठी याच्यावर पदार्थ नाही. हरभऱ्याची डाळ निवडून ठेवलेली होती. मला दारात बघून तिचा हात थांबला. तिनं “कशी आली?” असं विचारलं नाही. त्यावरून मला कळलं की तिलाही कळलं आहे.

मी तिच्यासमोर बसले. आज धुळ्याला कोण भेटलं आणि त्या बाईच्या मोबाईलमध्ये काय बघितलं ते सांगितलं. काकू पिठात बोटानं रेघा ओढत राहिली. मग ती बोलली.

“मी तुले इचारलं नाही, कारन तू नाही म्हटली असती.”

“हो,” मी म्हटलं. “नाहीच म्हटलं असतं.”

“फोटो पाहूनच नाही म्हनतात लोकं. उंबऱ्याच्या आत कोनी येतच नाही, सीमे. मले फक्त त्यायले उंबऱ्याच्या आत आनायचं व्हतं. एकडाव तिले बोलताना आयकलं असतं, तिच्या हातचं खाल्लं असतं, तर फोटो कोनाले आठवला असता?”

तिनं हे इतक्या विश्वासानं सांगितलं की क्षणभर मलाही ते पटलं. तिच्या डोक्यात कपट नव्हतंच. तिला वाटत होतं, आपण दार उघडण्यापुरती एक किल्ली घेतली आणि किल्ली तर घरातलीच होती. मी तिला विचारलं, आणि गच्चीवरचा फोटो? तो कशाला? ती म्हणाली, त्यात तू लई गोड हसती, म्हणून. तेव्हा मला रडू आलं. मी म्हटलं, “काकू, तो मी कुणालाही दाखवला नव्हता. तो माझा होता.”

‘माझा’ हा शब्द त्या घरात मी जोरात उच्चारला. काकूनं या वेळी, माझा म्हणजे कुणाचा, असं विचारलं नाही. पिठाचे हात तसेच घेऊन ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं की मला अक्काला सांगायचंय. तेव्हा मात्र ती घाबरली. नको सांगू म्हणाली, मी त्या लोकांना फोन करून काहीतरी कारण सांगते, पोरीला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही. मी तिचे हात धरले. पिठानं माझेही भरले. एवढंच म्हटलं की काकू, ते माझ्याकडून कळू दे, उद्या त्यांच्याकडून नको.

अक्का आली. चपला काढता काढताच तिनं आम्हा दोघींकडे बघितलं आणि काय झालं म्हणून विचारलं. मी तिला वर गच्चीवर घेऊन गेले. दोरीवर नानांचा चिकाचा दुसरा सदरा वाळत होता. निघायच्या आधी मी मावशींच्या सांगण्यावरून एक काम केलं होतं. ग्रुपवर असलेल्या एका मैत्रिणीकडून ती माहिती फोटोंसकट मागवून घेतली होती. ती मी अक्काला दाखवली. तिनं आधी नाव वाचलं. मग फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, माझा खांदा दिसेपर्यंत.

“ही बोटं माझी आहेत,” ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती रडेल किंवा काकूवर धावून जाईल. तिनं मोबाईल माझ्या हातात परत दिला. मग मला विचारलं, “तुला किती वाईट वाटलं?” मी त्या प्रश्नाला तयारच नव्हते. सकाळपासून मी जास्त तिच्याबद्दलच विचार करत होते आणि माझ्या बाजूनं विचारणारी पहिली घरची व्यक्ती तीच निघाली. मी म्हटलं, खूप. तिनं माझा हात धरला आणि आम्ही खाली आलो.

काकू तिथेच बसली होती. अक्का तिच्यासमोर उकिडवी बसली आणि आवाज न चढवता विचारलं, “आई, उद्या मी बाहेर आले असते तर त्यांना आधी काय दिसलं असतं?”

“तू,” काकू म्हणाली.

“नाही. आधी खोटं दिसलं असतं. डाग मागून दिसले असते. आज लोक मला डागांवरून नाही म्हणतात, ते मी सोसते. खोटेपणावरून नाही म्हटले असते, तर मी काय सांगितलं असतं?”

काकूनं पदर तोंडाला लावला. एवढ्यात नाना आले. दारातच त्यांना अक्कानं सगळं सांगितलं, काही न वगळता. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. पाहुणे येणार एवढंच ठाऊक होतं. त्यांनी खाली बसून टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. मग काकूकडे न बघता माझ्याकडे बघून ते म्हणाले, “बेटा, तुले इचारायला पाहिजे व्हतं.” नानांच्या तोंडून एवढं मोठं वाक्य मी क्वचितच ऐकलं असेल.

अक्कानं मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेलं आणि सांगितलं, माझा फोटो काढ. तिनं पावडर लावली नाही, केस सारखे केले नाहीत, गळ्याभोवतीची ओढणी काढून खुंटीला अडकवली. मावळतीचं ऊन सरळ तिच्या तोंडावर येत होतं आणि ओठ, पापण्या, गळा, सगळीकडचे डाग स्वच्छ दिसत होते. मी बरेच फोटो काढले. तिनं त्यातला जरा कपाळाला आठी पडलेला निवडला, कारण बाकीच्यांत आपण खोटं हसतोय असं तिचं म्हणणं. मग काकूच्या मोबाईलवरून तिनं त्या बाईला तो पाठवला आणि खाली लिहिलं की मी वंदना. आधी आलेले फोटो माझ्या धाकट्या बहिणीचे आहेत, तिला न विचारता पाठवले गेले. ते कृपा करून सगळीकडून काढून टाका. तुम्हाला यायचं असेल तर या, आमचं घर उघडं आहे. नसेल यायचं तरी आमचा राग नाही.

बाईनं ते वाचल्याची खूण लगेच दिसली. उत्तर मात्र आलं नाही.

रविवारी सकाळी काकूनं पुरण शिजायला घातलंच. नाना म्हणाले, अगं, कोण येणार आहे? ती म्हणाली, डाळ भिजलीय, आता ती काय कोणासाठी थांबते का? मला वाटतं तिला हातांना काम हवं होतं. उलट्या घातलेल्या खापरावर ती मांडे टाकत होती. हातावर खेळवून खेळवून कोपरापर्यंत पसरलेली पातळ पोळी खापरावर पडायची आणि पुरणाचा वास घरभर व्हायचा. तिचं लक्ष मात्र कोनाड्यातल्या मोबाईलकडे होतं. माझंही. रस्त्यावर गाडी थांबल्यासारखी वाटली की आम्ही सगळेच मान वळवायचो आणि तो ट्रॅक्टर असायचा.

जेवणाच्या सुमाराला फोन वाजला. अक्कानं घेतला आणि ती ओट्यावर जाऊन बोलली. ती “हो” आणि “बरं” एवढंच म्हणत होती. मी दाराआड उभी होते. आत आल्यावर तिनं सगळं सांगितलं. ती बाई आधी फार चिडली होती. घरात रात्री बराच वाद झाला होता, कारण तिच्या भावाला यायचं होतं आणि आईला नव्हतं. शेवटी ते येत नव्हते. पण तिनं स्वतः बसून तिच्या, आईच्या आणि भावाच्या मोबाईलमधून माझे फोटो पुसले होते आणि ज्या दोन नातेवाइकांना पुढे पाठवले होते त्यांनाही पुसायला लावले होते. “आणि म्हणाली, तुमच्या बहिणीला सांगा, काल दुकानात मी तिला घाबरवलं त्याबद्दल वाईट वाटतं.”

नकार आला होता, अक्काचं एक स्थळ गेलं होतं आणि मला इतकं हलकं वाटत होतं की हसू येत होतं. अक्काकडे बघितलं तर तीही हसत होती. ती म्हणाली, “मला भूक लागलीय.” नानांनी पाट मांडले. पाहुण्यांसाठी केलेलं आम्ही चौघांनी खाल्लं. मांडे, तूप, पुरणाच्या कटाची झणझणीत रशी, कुरडया, आणि उरलेलं अक्का शेजारी वाटून आली. इतकं पोटभर जेवल्याचं मला त्या आधीचं आठवत नाही.

सगळे फोटो सगळीकडून गेले का? माहीत नाही. काकूनं प्रत्येक ग्रुपवर आपल्या आवाजात निरोप पाठवला की फोटो चुकीच्या मुलीचे गेले, पुसा. बहुतेकांनी पुसले असतील. एखाद्या मोबाईलच्या तळाशी मी अजूनही केस मोकळे सोडून हसत असेन. पूर्वी त्या विचारानं झोप उडायची, आता नाही उडत. त्या संध्याकाळी मी माझ्या मोबाईलला कुलूप घातलं, काकूच्या समोर बसून, तिच्यापासून लपवून नाही. तिनं बघितलं आणि म्हणाली, “माह्या मोबाईललेबी लाव. कोनी माहे फोटो नेले तर?” तेव्हा नाना चक्क मोठ्यानं हसले.

अक्काचं पुढे दोनेक वर्षं कुठे जुळलं नाही. तिनं तो खिडकीतला आठीचा फोटोच सगळीकडे पाठवायचा हट्ट धरला होता. पाचोऱ्याकडचे एक शिक्षक तो फोटो बघून आले, उंबरा ओलांडून आत बसले आणि दोन कप चहा प्यायले. आता ते माझे दाजी आहेत. त्यांची एकच तक्रार असते की फोटोवरून ही बाई रागीट वाटली होती आणि ती खरोखरच रागीट निघाली.

पण मला सांगायचं होतं ते त्याच रविवारचं. जेवणं झाल्यावर, नाना आणि अक्का कलंडलेले असताना, काकू माझ्याजवळ येऊन बसली. तिनं आपला मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला. “मले बारीक दिसत नाही. तूच पाह्य आन तुझे असतील ते काढून टाक.” मी एकेक फोटो सरकवत गेले. केळीचे घड, शेजारची कालवड, देव, गुलाब, गुलाब, अक्का शाळेच्या पोरांमध्ये. माझे जे जे माझ्या मोबाईलमधून आले होते ते मी पुसत गेले, आणि ती शेजारी बसून बघत राहिली. एकदाही मधे बोलली नाही. शेवटी एक वेगळाच आला. रावेरच्या एसटी स्टँडवर मी गाडीत चढतेय, पाठमोरी, खांद्याला पिशवी. कोपऱ्यात फोटो काढणारीचा अंगठा आलेला. मी पहिल्यांदा धुळ्याला निघाले त्या दिवशीचा. ती तो काढतेय हे मला तेव्हा कळलंही नव्हतं.

माझं बोट तिथे थांबलं. काकूनं मोबाईलला हात लावला नाही. हात पदराखालीच ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं, “हा ठेवू का वं?”

“ठेव,” मी म्हटलं.